घर ‘पक्के’ ठरवताना विदर्भाचे ऊनही मोजा : ग्रामविकास विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. प्रधान सचिव,
ग्रामविकास व पंचायत राज विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : विदर्भातील घरकुलांत स्थानिक साहित्याच्या बांधकामास स्पष्ट मान्यता देणे आणि छताच्या उष्णतेचा निकष लागू करणे.

महोदय,

मी वर्धा जिल्ह्यातील एका गावात राहतो. स्थापत्य पदविका घेतल्यापासून आसपासच्या गावांत लहान घरे बांधण्याचे काम करतो आणि सध्या ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या घरी कवेलू (छताची कौले) थापण्याचा आणि भाजण्याचा पिढीजात धंदा होता; वडिलांच्या हयातीतच आमची भट्टी बंद पडली. त्यामुळे घर, माती आणि छत हे विषय माझ्यासाठी केवळ कार्यालयीन कागदाचे नाहीत. तरीही हे पत्र मी वैयक्तिक दुःखापोटी लिहीत नसून, यंदा मार्च महिन्यात आमच्या गावात जे घडले ते गप्प बसून स्वीकारता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

आमच्या गावातील एका विधवा शेतमजूर बाईंना प्रधानमंत्री आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. जुने घर पाडताना निघालेल्या सागवानी मयाली आणि वासे त्यांनी विकले नाहीत. मुरमाड मातीत थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या, न भाजलेल्या विटांच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या, दगडी जोत्यावर काँक्रीटचा पट्टा घेतला आणि जुन्या लाकडावर कवेलू घातले. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याने भिंत मातीची आणि छत कवेलूचे असल्यामुळे घर पक्के धरता येत नाही, असे सांगितले आणि अनुदानाचा हप्ता अडला. महिनाभर चकरा मारल्यावर बाईंनी उसनवारी करून टीनपत्रे आणली, कवेलू उतरवले, भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. तपासणीचे नवे छायाचित्र संगणकावर चढले आणि हप्ता जमा झाला. मे महिन्यात त्याच बाई दुपारी अकरापासून सूर्य मावळेपर्यंत शेजाऱ्याच्या कडुलिंबाखाली बसून काढत होत्या, कारण त्या पत्र्याखाली बसणे शक्य नव्हते. ते कार्यालय कोणते आणि तो कर्मचारी कोण, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो माणूस वाईट नाही. त्याला जे शिकवले गेले, तेच त्याने केले. आमचा प्रश्न त्या शिकवणीचा आहे.

योजनेची मार्गदर्शक तत्त्वे मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. वाजवी देखभाल केल्यास वापराची झीज आणि हवामानासह निसर्गाचे आघात किमान ३० वर्षे सोसू शकेल, असे घर पक्के, असा त्यांचा आशय आहे. छत टिकाऊ साहित्याचे असावे, भिंती स्थानिक हवामानाला तोंड देणाऱ्या असाव्यात, आणि भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग झिजणारा असेल तरच तिला गिलावा करावा, असेही त्यांत म्हटले आहे. झिजणाऱ्या पृष्ठभागाचा विचार करणारा नियम मातीच्या भिंतीला मनाई करणारा असू शकत नाही. इतकेच नव्हे, तर केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम आणि दिल्लीच्या आयआयटीच्या साहाय्याने ‘पहल’ नावाचा ग्रामीण घरांच्या नमुन्यांचा संग्रह तयार केला, तो स्थानिक साहित्य आणि स्थानिक कारागिरी यांना योजनेत स्थान मिळावे याच हेतूने. म्हणजे दिल्लीच्या कागदावर जी मुभा आहे, ती तालुक्याच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार पत्र्याविषयी आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणात हाताने थापलेले कवेलू कच्च्या छतात मोजले गेले आणि धातूचा किंवा ॲस्बेस्टॉसचा पत्रा पक्क्या छतात. लाभार्थ्यांच्या मूळ याद्या याच सर्वेक्षणातून आल्या, आणि त्यासोबत ही वर्गवारीही कार्यालयांच्या सवयीत उतरली. किनारपट्टीवर किंवा सह्याद्रीत तिचे परिणाम काय होतात, हे मी सांगू शकत नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर, वर्धा, अकोला या पट्ट्यात, जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाची बातमी राहिलेली नाही, तिथे या वर्गवारीचा सरळ अर्थ असा होतो की अधिक तापणारे छत मान्य आणि कमी तापणारे छत अमान्य. कवेलूच्या दोन थरांमधून हवा खेळते, भाजलेली माती उष्णता पत्र्याइतक्या वेगाने आत सोडत नाही. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या अंशात असते आणि त्याच्या वरच्या व खालच्या तापमानात जवळजवळ फरक राहत नाही. गावातली माणसे पत्र्यावर ओली गोणपाटे टाकतात, पऱ्हाट्या पसरतात, आतून जुन्या साड्यांचे छत बांधतात. पऱ्हाट्यांना ठिणगी लागून घर पेटण्याचा धोका त्यांनाही ठाऊक असतो, पण दुसरा उपाय त्यांच्या हाती नसतो.

लोकांनी कवेलू सोडले ते केवळ सरकारी शेऱ्यामुळे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वानरांची टोळी एकदा छतावरून गेली की अर्धे छत फुटते. शाकारणी करणारी माणसे उरलेली नाहीत, आणि दर उन्हाळ्याच्या अखेरीस तो खर्च मजुराच्या घराला परवडत नाही. पण या अडचणीवर उत्तर शोधण्याचे काम आमच्याच जिल्ह्यात झालेले आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावर घडवता येणारे शंक्वाकृती कवेलू एकमेकांत बसवून कमानीचे छत उभारण्याची पद्धत विकसित केली. त्या कमानीवर गिलावा होतो, तिला मोठे लाकूड लागत नाही, लोखंडही फारसे लागत नाही, आणि वानराच्या उडीने ती विस्कटत नाही. ही पद्धत आमच्या पंचायत समितीच्या अंदाजपत्रकात मी आजवर पाहिलेली नाही.

स्लॅबविषयी लिहिताना मला अधिक काळजीपूर्वक लिहिले पाहिजे, कारण आमच्या गावातील बहुतेकांना स्लॅबच हवा असतो आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. स्लॅबवर तूर वाळते, मिरची वाळते, उद्या मुलगा कमावता झाला तर वर खोली चढते, आणि मुलीच्या सोयरिकीत घर स्लॅबचे आहे का, हे विचारले जाते. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री खोलीत सोडतो. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास अशा घरात पलंगावर उभे राहून छताला हात लावून पाहावा. गिलावा हाताला गरम लागतो, पंखा सुरू केला तर तोच गरम झोत खाली येतो. मग कुलर येतो, कुलरला पाणी लागते, आणि ज्या गावात टँकर आलेला असतो त्या गावात हे पाणी कोणीतरी डोक्यावरून आणलेले असते. जुन्या घराची दीड-दोन फुटी मातीची भिंत दुपारचे ऊन आत पोहोचवायलाच रात्र पडू देत असे, आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे. नव्या घरकुलात एकाच विटेची भिंत, पश्चिमेला तोंड केलेली एकुलती एक खिडकी आणि छज्जा नाही, अशी रचना सर्रास दिसते. ओसरी तर अंदाजपत्रकातूनच गेली आहे, आणि विदर्भातील घराचा अर्धा दिवस ओसरीत जातो हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे नुकसान वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

देशात घरांच्या उष्णतेसाठी नियम नाही, असेही नाही. २०१८ च्या इको निवास संहितेने निवासी इमारतीच्या छतातून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली : दर चौरस मीटरला, तापमानातील दर अंशाच्या फरकामागे १.२ वॅट. साधा उघडा स्लॅब या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. परंतु ही संहिता ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. ज्याला वातानुकूलन परवडते त्याच्या छताला निकष आहे. २५ चौरस मीटरच्या घरकुलात राहणाऱ्याच्या छताला नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणले. आपल्याकडे २०२५ मध्ये घरकुलाच्या अनुदानात ५० हजार रुपयांची भर जाहीर झाली, तिचे आम्ही स्वागतच केले. १ लाख २० हजारांत घर होत नव्हते. त्या वाढीतील १५ हजार रुपये छतावरील सौरऊर्जेसाठी आहेत. वीज तयार करण्यासाठी पैसे आहेत, पण मुळात वीज कमी लागावी म्हणून त्याच छतावर चुन्याचे दोन-तीन हात देण्यासाठी, फुटक्या पांढऱ्या टाइल्सचा थर बसवण्यासाठी किंवा स्लॅबच्या खालच्या भागात कवेलू भरून काँक्रीट आणि उष्णता दोन्ही कमी करण्यासाठी एकही रुपया वेगळा दाखवलेला नाही.

आता टिकाऊपणाविषयी. सिमेंटचे घर आपोआप टिकते, हा समज काळ्या मातीच्या पट्ट्यात दरवर्षी खोटा ठरतो. बुलढाण्यापासून वर्ध्यापर्यंतची ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा सोडते. ठरावीक नकाशातील दोन-तीन फुटांचा पाया या हालचालीच्या पट्ट्यातच बसतो. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, घरमालक ती सिमेंटने बुजवतो, आणि पुढच्या चैत्रात ती त्याच रेषेत पुन्हा उघडते. उपाय अवघड नाही : मुरूम लागेपर्यंत खोदणे, शक्य नसेल तिथे काळी माती काढून मुरमाची भर घालणे व ठोकणे, जोत्याला सलग पट्टा देणे, घराभोवती उतार काढून पाणी पायाशी साचू न देणे; अधिक खोल काळी माती असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठीच रूढ केलेले, तळाशी फुगीर असे छोटे खांब. पण पाया किती खोल न्यायचा हे मातीवर न ठरता हप्त्याच्या रकमेवर ठरते, आणि पाया जमिनीखाली गेला की तपासणीच्या छायाचित्रात दिसत नाही.

त्यात मार्चअखेरची घाई. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी आमच्याकडे स्लॅब पडतात ते मार्च, एप्रिल, मे या महिन्यांत, म्हणजे पाणी सर्वांत कमी आणि ऊन सर्वांत कडक असताना. कोरड्या उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. प्यायचे पाणी दिवसाआड येणाऱ्या घराने स्लॅबवर आळी करून दहा दिवस पाणी कुठून भरायचे? तो स्लॅब काही पावसाळ्यांत पाझरू लागतो, आतली सळाख गंजते, पोपडे पडतात आणि शेवटी स्लॅबवरच पत्रे टाकलेले दिसतात.

मातीची घरे पावसात पडतात आणि माणसे दगावतात, हे आम्ही विसरलेलो नाही. विदर्भात प्रत्येक पावसाळ्यात अशा बातम्या येतात. पण ती घरे पडतात पायथ्याशी ओल मुरल्याने, जोते नसल्याने, छपराचा भाग पुरेसा बाहेर नसल्याने आणि वर्षानुवर्षे हात न लागल्याने. मातीच्या बांधकामाला मजबुती देण्याची भारतीय मानके आहेत : सिमेंट मिसळून दाबलेल्या, म्हणजे स्थिरीकृत, विटांसाठी मानक क्रमांक १७२५, मातीच्या इमारतींच्या भूकंपरोधासाठी १३८२७. या विटेला काळी माती चालत नाही, मुरमाड किंवा वाळूमिश्रित माती लागते, आणि विटा आठवडे-दोन आठवडे सावलीत ओल्या ठेवाव्या लागतात. हे शिकवावे लागते. शिकवले नाही आणि नंतर ‘माती टिकत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो अन्याय आहे. सेवाग्राम आश्रमातील माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांची १९३० च्या दशकातील घरे नियमित देखभालीवर आजही उभी आहेत, आणि ती पाहायला देशभरातून लोक आमच्या जिल्ह्यात येतात.

राखेविषयी थोडक्यात लिहितो. राज्याची बरीच वीज कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, तिरोडा, मौदा येथे कोळसा जाळून तयार होते आणि त्याची राख आमच्या अंगणात राहते. औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत बांधकामांत राखेचा वापर करावा, असे केंद्राच्या अधिसूचना सांगतात, आणि विदर्भातील एकही गाव या कक्षेबाहेर नाही. तरी नदीकाठची सुपीक माती खरवडून विटा भाजणे सुरूच आहे. राखेची वीट घर थंड करते, असा माझा दावा नाही; ती जमीन वाचवते आणि भट्टीचे जळण वाचवते, हे पुरेसे आहे. अडचण ही की खेड्यातल्या एका घराला लागणाऱ्या विटा कारखान्यातून आणायला भाडेच इतके पडते की लाभार्थी गावातल्या भट्टीकडे वळतो. घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत देण्याचे धोरण शासनाने केले. तसेच राखेच्या विटांचे का होऊ नये? गडचिरोली आणि मेळघाटातील बांबूचेही तसेच आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केलेल्या बांबूला भुंगा लागत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरी बांबूची चौकट पाहिली की तपासणारा मान हलवतो.

यासाठी आमच्या मागण्या अशा आहेत.

१. वर सांगितलेल्या मानकांनुसार बांधलेल्या स्थिरीकृत मातीच्या विटांच्या भिंती, प्रक्रिया केलेला बांबू, चुन्याचा गिलावा आणि कवेलूचे किंवा कमानीचे छत ही पक्क्या घराची साधने आहेत, असे मराठीत लेखी परिपत्रक काढावे, आणि केवळ साहित्याच्या नावावरून कोणाचाही हप्ता अडवू नये. ज्यांचे हप्ते या कारणाने आज अडलेले आहेत, त्यांच्या घरांची फेरतपासणी व्हावी.

२. उघड्या पत्र्याचे छत विदर्भात पूर्ण घर म्हणून स्वीकारू नये. पत्रा अपरिहार्य असेल तिथे खाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा अन्य छत आणि मध्ये हवेला जागा हवी. त्याचा खर्च अनुदानात धरावा. स्लॅबच्या घराला पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या थराचा खर्च द्यावा, आणि ज्यांना सौर पॅनेल नको असेल त्यांना त्या १५ हजारांतून छत थंड करण्याचा पर्याय द्यावा.

३. काळ्या मातीच्या पट्ट्यासाठी पायाचा वेगळा नकाशा आणि वेगळी रक्कम ठरवावी, आणि पायाची तपासणी तो बुजवण्याआधी व्हावी. पूर्व विदर्भासाठी बांबू आणि कवेलूचे, पश्चिम विदर्भासाठी जाड भिंतीचे नमुने वेगळे असावेत. दोन्हींत ओसरी असावी.

४. या सर्व बाबींचे दर शासनाच्या बांधकाम दरसूचीत स्पष्ट असावेत. ‘दरसूचीत बसत नाही’ हे उत्तर आम्हाला पुन्हा मिळू नये.

५. योजनेतच ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. त्यात माती, चुना, कमान आणि बांबूचे काम समाविष्ट करावे, ते दत्तपूर आणि चिचपल्लीसारख्या ठिकाणी व्हावे, आणि तपासणी करणाऱ्या अभियंत्यांनाही तिथे पाठवावे. कुंभार कुटुंबांना कवेलूसाठी माती काढण्याचा परवाना सुलभ करावा.

६. राखेच्या विटा तालुक्याच्या ठिकाणी वाहतूक खर्चाशिवाय आणि चाचणीच्या दाखल्यासह मिळाव्यात.

७. पाणीटंचाई जाहीर झालेल्या गावांत एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब टाकण्याचा आग्रह धरू नये, आणि त्यामुळे मुदत उलटली तर लाभार्थ्याला दोषी धरू नये.

यांतील बहुतेक मागण्यांना नवा कायदा लागत नाही आणि मोठा पैसाही लागत नाही. केंद्राने २०२८-२९ पर्यंत आणखी दोन कोटी घरांचे उद्दिष्ट ठरवले आहे; त्यांतील जी घरे विदर्भात होतील, ती निदान पुढची ३० वर्षे माणसांना मे महिन्यात आत राहू देतील अशी असावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या ग्रामसभेने १ मे रोजी याच आशयाचा ठराव केला असून त्याची प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवली आहे. गावात मंजूर झालेल्या ज्या घरकुलांचे पाये अजून खोदलेले नाहीत, त्यांचे काम दिवाळीनंतर सुरू होईल. परिपत्रक किंवा लेखी उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपला,
एक ग्रामपंचायत सदस्य व स्थापत्य पदविकाधारक,
वर्धा जिल्हा